एक चौकट रिकामी

२८ मार्च

प्रिय आर्वो,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील. पुढे काय करायचं ते तू ठरव. न वाचता सरोवरात फेकलंस तरी मला कळणार नाही, पत्रांचा हा एक फायदा. बर्फ फुटून जहाजं निघाली असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा तुमच्या कंपनीला फोन करून जहाजाचा टपालपत्ता मागून घेतला. तिथल्या बाईने विचारलं, "नातं काय तुमचं?" मी म्हटलं, "सख्खी बहीण." ती म्हणाली, "बहीण आहे असं कधी बोलले नाहीत ते." मी म्हटलं, "तो बोलतोच कमी." धडधडीत खोटं. आपल्या घरात बोलण्याचा मक्ता तुझाच होता, माझ्या वाटणीचंसुद्धा तूच बोलायचास.

आठ वर्षांनी लिहिते आहे आणि कारण ऐकून हसशील. मी कॉलेजात जाते. सत्तेचाळिसाव्या वर्षी! तीस मैलांवरचं कम्युनिटी कॉलेज, प्रयोगशाळेतून सुटले की थेट तिकडे. दोन वर्षांची पदवी, मला चार लागली, कारण एका वेळी दोनच विषय झेपतात. ती हातात आली की डुलुथच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. जागा मिळाली आहे. ते पत्र मी गाडीतच बसून दोनदा वाचलं.

पण घोडं एका ठिकाणी अडलंय. विज्ञानाची पदवी म्हणजे सगळं विज्ञानच, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. एक हिरवा कागद देतात, त्यावर चौकटी असतात. लेखनाची, गणिताची, समाज-इतिहासाची, कलेची आणि एक बोलण्याची. प्रत्येकीत काहीतरी पडलंच पाहिजे, नाहीतर रसायनात पहिली आलीस तरी विद्यापीठ दार उघडत नाही. बोलण्याच्या चौकटीत मी 'परस्परसंवाद' हा विषय घेतला होता. दोन खुर्च्या समोरासमोर, एकमेकांचं शांतपणे ऐकून घ्यायचं. आमच्या कॉलेजला तो चालतो. विद्यापीठाच्या विज्ञान विभागाला चालत नाही. त्यांना जाहीर भाषण लागतं. हे आमचा सल्लागार वेंडेल कांगास मला आत्ता, मार्चमध्ये सांगतो! "ईर्या, तिकडे ही चौकट रिकामी धरतील." चार वर्षं हा बाबा काय करत होता कोण जाणे. ऑगस्टअखेर ती भरली नाही तर माझी जागा गेली.

आणि जाहीर भाषण म्हटलं की माझं काय होतं, हे तुला मी काय सांगू.

ईर्या


१९ एप्रिल

प्रिय आर्वो,

उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, तरी रोज पेटीत हात घालून बघते.

तू मला नक्की विचारलं असतंस, की या वयात हा उपद्व्याप कशाला? मागच्या वर्षी कलेच्या चौकटीसाठी चित्रकला घेतली, तेव्हा मी स्वतःलाच हे रोज विचारत होते. टेबलावर एक नाशपाती ठेवायची आणि तीन तास तिच्याकडे बघून कोळशाने काढायची. शेजारी बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीची नाशपाती खावीशी वाटायची. माझी बटाट्यासारखी. "पाण्यातलं सल्फेट मोजायला नाशपाती कशाला लागते?" असं मी वेंडेलला विचारलं. तो म्हणाला, "बघायला शिकायला." मी म्हटलं, बघायला मला येतं, पंचवीस वर्षं नळीतला रंग बघतेय. पण खरं सांगू? तिसऱ्या आठवड्यात त्या नाशपातीवरची सावली मला पहिल्यांदा निळी दिसली. घरी येताना कुर्की तळ्याच्या काठची सावलीही निळी होती. इतकी वर्षं ती करडीच आहे असं धरून चालले होते.

कारण सांगते. प्रयोगशाळेत मोजमाप मी करते आणि सही लोवेल करतो. त्याला पदवी आहे, मला नाही. माझा आकडा त्याची सही पडेपर्यंत आकडाच नसतो, नुसती पेन्सिलची खूण. पंचवीस वर्षं पेन्सिलने लिहिलं, आता शाईने लिहायचंय. कोणी विचारलं की मी हेच सांगते, आणि लोक मान डोलावतात.

भाषणाचा वर्ग उन्हाळ्यात आहे, पण तो घरबसल्या संगणकावर. मला वाटलं, सुटले! कोणासमोर उभं राहायला नको. कसलं काय! मिस ब्रँट म्हणून बाई आहेत, त्यांचा नियम असा: भाषण किमान पाच प्रौढ माणसांसमोर उभं राहून करायचं. कॅमेरा आधी श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून फिरवायचा, मग वक्त्यावर ठेवायचा, शेवटी पुन्हा श्रोत्यांवरून. मध्ये काटछाट नाही. श्रोत्यांच्या सह्यांची यादी जोडायची. पाच माणसं, आर्वो. आई गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात एका वेळी दोनच्या वर माणसं आलेली नाहीत.

आईच्या दफनाच्या दिवशी तू आलास, लांब कुंपणापाशी उभा राहिलास आणि गेलास. डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाहीस. दफनविधी करणाऱ्या पास्तरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना हळूच म्हटलं, "आमची आई म्हणायची, हा टोपी घालूनच जन्मला, डॉक्टरांनाही ती काढता आली नाही." त्या हसल्या. मला तुझ्याकडे चालत यायचं होतं. वीस पावलं होती.

ईर्या


१२ जून

प्रिय आर्वो,

पहिलं भाषण झालं आणि परत आलं.

विषय मला येणारा घेतला: पाण्याचा नमुना कसा घ्यावा. पाच माणसं कुठून आणली ते ऐक. शेजारची व्हर्ना झुपान्चिच, तिची बहीण, टपालवाला डेल, आणि डेलचे दोन मेहुणे, जे मासे धरायला आले होते आणि केवळ व्हर्नाच्या पोतित्साच्या, त्या अक्रोड भरलेल्या गोड पावाच्या, लोभाने थांबले. व्हर्ना आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, जीभ मात्र विशीतली. मी सौनाच्या, आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत बाकं मांडली. पहिल्याच वाक्याला बाटलीचं झाकण निसटून डेलच्या बुटावर पडलं. "हे पद्धतीत बसतं का?" डेलने विचारलं. सगळे हसले आणि मला जरा श्वास आला. सहा मिनिटं बोलले. वाटलं, जमलं की!

मिस ब्रँटचं उत्तर दुसऱ्या दिवशी: "भाषण स्पष्ट आहे. पण शेवटच्या फेरीत एक बाई झोपलेल्या दिसतात. जागे श्रोते चारच. पुन्हा करावे." व्हर्नाची बहीण, अजून कोण! मी व्हर्नाला वाचून दाखवलं. ती संतापली. "ती जागी असते तेव्हाही तशीच दिसते, सांग तुझ्या बाईंना!" पुन्हा केलं, बहिणीला कॉफी पाजून. या वेळी पास.

आता एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. पहिल्या पत्रात मी वेंडेलवर खापर फोडलं. काल त्याच्याकडे गेले तर त्याने माझी जुनी फाइल काढली. पहिल्याच वर्षीच्या हिरव्या कागदावर बोलण्याच्या चौकटीसमोर त्याच्या अक्षरात लिहिलंय, "विद्यापीठात जायचं तर जाहीर भाषणच घ्या," आणि खाली दोन रेघा. शेजारी माझी सही, वाचलं म्हणून. त्याने नुसता कागद माझ्याकडे वळवून ठेवला. मी त्याला म्हटलं, "मला माहीत होतं." तो म्हणाला, "मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे."

वाचून, समजून, सही करून मी खुर्च्या समोरासमोर असलेला विषय निवडला होता. तुला हे सांगायला मला अडीच महिने लागले, तर बाकीच्याला किती लागतील.

ईर्या


९ जुलै

प्रिय आर्वो,

तुझं कार्ड मिळालं.

एका बाजूला तुझ्या जहाजाचा फोटो, दुसऱ्या बाजूला माझा पत्ता, तुझ्या त्या उलट्या झुकलेल्या अक्षरात. मजकूर काही नाही. डेल म्हणाला, "विसरला वाटतं लिहायला." मी म्हटलं, "नाही, हे उत्तर आहे." माझ्याच भाषेत दिलंस उत्तर. मी ते खिडकीत लावलंय.

एक बातमी आहे. खाणीच्या गाळाच्या धरणाचा परवाना पुन्हा नव्याने द्यायचा आहे. बारा ऑगस्टला, संध्याकाळी सहाला, टाऊन हॉलमध्ये जनसुनावणी. सूचना वाण्याच्या दुकानाच्या दारावर चिकटवली आहे. मी दूध घ्यायला गेले होते, ते न घेताच परत आले.

आठ वर्षांपूर्वीचं आपण दोघंही कधी बोललो नाही. मी लिहिते, चुकलं तर कार्ड पाठव.

त्या उन्हाळ्यात, याच परवान्याच्या वेळी, धरणाखालच्या कुर्की तळ्याचे नमुने मी तपासले होते. रानभात, तो पाण्यात आपोआप उगवणारा जंगली तांदूळ, येतो तिथल्या पाण्यात सल्फेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आत हवं. माझे आकडे एकशेचाळीसच्या आसपास होते. आपल्या स्वयंपाकघरात बसून मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "मग बोल ना सुनावणीत!" मी म्हटलं, बघू. आमच्या प्रयोगशाळेला काम खाणीचंच; लोवेलने ते आकडे बाद केले, नमुना दूषित म्हणून, आणि अहवालात आलेच नाहीत. सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि आपली मिनिटं दुसऱ्याला देता येतात, हा नियम अजून तोच आहे. तू उभा राहिलास. खाणीत कामाला असूनही उभा राहिलास. म्हणालास, "पाणी माझ्या बहिणीने मोजलंय, मी नाही. माझी तीन मिनिटं माझ्या बहिणीला." आणि माझ्याकडे पाहिलंस.

भिंतीवर घड्याळ होतं, उलटं मोजणारं. मी तिसऱ्या रांगेत होते. ती तीन मिनिटं पूर्ण संपेपर्यंत तू उभा होतास आणि मी बसून होते. मग कोणीतरी मागून म्हणालं, "बहीण मुकी आहे का रे?" आणि हशा झाला. तू बाहेर गेलास. महिन्याभरात खाण सोडलीस, गाव सोडलंस.

मी सगळ्यांना सांगितलं की भीतीने माझी जीभ टाळ्याला चिकटली. पदवी नाही, सहीचा अधिकार नाही, माझं कोण ऐकणार होतं? म्हणून तर कॉलेजला गेले.

तुझी बहीण,
ईर्या


३० जुलै

प्रिय आर्वो,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवतंय. ते खरं नाही.

जीभ चिकटली नव्हती. आकडे तोंडपाठ होते, पहिलं वाक्यही तयार होतं. लोवेल माझ्या पुढच्या रांगेत बसला होता. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हाच त्यानेही वळून पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. आणि मी नोकरीचा विचार केला. तीन मिनिटं, आर्वो, मी नीट, शांत डोक्याने विचार केला आणि बसून राहिले. त्या दिवशी माझी पदवी कोणी मागितली नव्हती. उठायचं तेवढं होतं. चार वर्षं मी सगळ्या चौकटी भरत राहिले आणि जी मुळात रिकामी होती ती सोडून दिली. मला तुझी लाज वाटली नाही, माझी वाटली, आणि ती झाकायला मी तुला रागीट, उतावळा ठरवलं. आईजवळसुद्धा. ती गेली तेव्हा तिला खरं माहीत नव्हतं. मला माफ कर. हे वाक्य लिहायलाच मी मार्चपासून कागद खराब करतेय.

आता पुढचं. शेवटचं भाषण 'मतपरिवर्तनाचं' असतं, किमान सहा मिनिटांचं. मी मिस ब्रँटला विचारलं, सुनावणीत केलेलं चालेल का? त्या म्हणाल्या, श्रोते पाचच्या वर आणि जागे असतील तर कुठेही चालेल. दोन उन्हाळे मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी कुर्की तळ्याचे नमुने स्वतः घेतलेत, सार्वजनिक धक्क्यावरून, आपली जुनी होडी काढून, आणि कॉलेजच्या यंत्रावर मोजलेत. आकडे कोणाच्या मालकीचे नाहीत. लोवेलला मी सांगून ठेवलं, "बारा तारखेला मी बोलणार आहे." तो बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिला. मग म्हणाला, "तुझं तू बघ, ईर्या." ते काही आशीर्वादासारखं वाटलं नाही.

मला मिळणार तीन मिनिटं, लागणार सहा. उरलेली तीन व्हर्ना देणार आहे. तिने घरी सराव केला: "माझी तीन मिनिटं ईर्याला." पाच शब्दसुद्धा नाहीत. कॅमेरा वेंडेल धरणार. ती तारीख हुकली तर पुन्हा अशी माणसं मला वीस तारखेच्या आत, वर्ग संपायच्या आधी, मिळायची नाहीत, आणि खरं म्हणजे दुसऱ्या कुठल्या विषयावर मी आता बोलूच शकत नाही.

तुमचं जहाज अकरा-बाराला टू हार्बर्स बंदरात खनिज भरायला लागतं असं कंपनीच्या बाईने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बरं, विचारलं होतं.

ईर्या


१४ ऑगस्ट

प्रिय आर्वो,

तू मागे उभा होतास, म्हणजे तुला पुढचं दिसलं नसेल. म्हणून सांगते.

आधी व्हर्नाचं नाव पुकारलं. ती उठली, माइक हातात घेतला आणि म्हणाली, "मला एवढंच सांगायचंय की माझी मिनिटं..." आणि तिथे तिला सगळा हॉल दिसला. अशी संधी तिला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. नवऱ्याच्या खोकल्याची कथा, मग धुळीने काळे पडलेले पडदे, मग एकोणीसशे ब्याऐंशी साली कोणीतरी परत न केलेल्या शिडीचं भांडण. मी तिचा झगा ओढत होते. घंटा वाजली तेव्हा ती म्हणाली, "...ईर्याला," आणि तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. "मेले मी! खाल्ली का गं सगळी?" एवढ्या ताणातही मला हसू आलं. मग माझं नाव पुकारलं.

सहा मिनिटांचं भाषण तीनमध्ये कसं बसवायचं ते मला सुचेना, म्हणून जसं होतं तसं सुरू केलं. "मी ईर्या साल्मेला. मी अजून पदवीधर नाही. आठ वर्षांपूर्वी याच खोलीत, तिसऱ्या रांगेत, माझ्या भावाने मला तीन मिनिटं दिली होती आणि मी ती बसून घालवली. आकडे मला तेव्हाही माहीत होते." मग तळं, धक्का, नमुने, महिन्यागणिक आकडे. रानभात कुठे कमी झाला, कुठे उरलाच नाही. घंटा वाजली तेव्हा मी मधोमध होते, जुलैच्या आकड्यापाशी. अध्यक्ष म्हणाले, "आपली वेळ संपली, बाई." वेंडेलने कॅमेरा खाली घेतला नाही, पण त्याचा चेहरा पडलेला मला दिसला. सुनावणीचं काही होवो, माझं भाषण अर्ध्यावर संपलं होतं.

आणि मागून आवाज आला, "माझी तीन मिनिटं माझ्या बहिणीला."

तोच आवाज, तेच वाक्य. मी मान वळवली नाही. वळवली असती तर पुढे बोलता आलं नसतं. अध्यक्षांनी तुझं नाव विचारलं, तू सांगितलंस, घड्याळ पुन्हा तीनवर आलं. ती तीन मिनिटं मी सगळी वापरली, आर्वो. दोन सेकंद उरली होती.

कागद घडी करून वळले तेव्हा दारापाशी कोणी नव्हतं. पार्किंगमध्ये धावत गेले. डेल म्हणाला, भाड्याची निळी गाडी आत्ताच गेली, जहाज सुटायचं असेल. मी तिथेच उभी राहून रडले, आणि व्हर्ना माझ्या पाठीवरून हात फिरवत शिडीची बाकीची गोष्ट सांगत होती.

परवान्याचं काय होईल ते महिन्याभराने कळेल. लोवेलने सोमवारी सकाळी भेटायला बोलावलंय. काय म्हणेल याचा अंदाज आहे, आणि तरी जेवण नीट जातंय. मिस ब्रँटने भाषण मंजूर केलं. वेंडेलने हिरव्या कागदावरची शेवटची चौकट माझ्यासमोर शाईने भरली.

चित्रफीत मी चारदा पाहिली. नियमाप्रमाणे वेंडेलने आधी श्रोत्यांवरून कॅमेरा फिरवला आहे. त्यात तू दाराला टेकून उभा आहेस, टोपी भुवयांपर्यंत. शेवटच्या फेरीतही तू आहेस. टोपी हातात आहे. केस किती पांढरे झालेत तुझे.

सोबत श्रोत्यांच्या यादीची एक प्रत आहे. खाली अकरा सह्या आहेत. मिस ब्रँटला पाच पुरतात, मूळ यादी त्यांना पोचली, गुणही मिळाले. बाराव्या ओळीवर मी तुझं नाव लिहिलंय आणि पुढची जागा मोकळी ठेवलीय. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे, किंवा हंगाम संपला की स्वतः घेऊन ये, सौना तापवून ठेवीन. कॉलेजला ही सही लागत नाही. मला लागते.

तुझी,
ईर्या